जर्मनीचं स्थळ

कुणी परदेशी जायची गोष्ट काढली की स्थळमावशी पहिला प्रश्न विचारायच्या, "सासू कशी आहे?" समोरचा मुलगा गोंधळून म्हणायचा, "मावशी, मैं तो पढ़ने जा रहा हूँ, कॅनडा." मावशी म्हणायच्या, "हो नं, तेच विचारून राहिली. सासू कशी आहे कॅनडाची?" आणि मग उत्तरही त्याच द्यायच्या. "मनाची चांगली आहे. घर मोठं. पण थंड आहे बाप्पा, अर्धं वर्ष खिडकी उघडू देत नाही."

मावशींच्या लेखी प्रत्येक देश म्हणजे सासर, आणि परदेशी निघालेला प्रत्येक जण, मग तो मिशा फुटलेला मुलगा का असेना, नवरी. इंग्लंड हे जुनं घराणं, नाव मोठं, पण आता खोल्या कमी पडतात. अमेरिका श्रीमंत, पण सून पसंत आहे की नाही ते केस पिकेपर्यंत सांगत नाही. दुबई म्हणजे माहेराजवळचं सासर, तिथं सून करून घेत नाहीत, नुसतं कामाला ठेवतात. हे सगळं सांगणाऱ्या मावशी स्वतः तोवर जबलपूर सोडून नागपूरला आणि एकदा रामेश्वरला, एवढंच गेल्या होत्या. मावशी वारल्या त्याला आता वर्ष होईल. पण आमच्या भागात अजून कुणाचा व्हिसा आला की लोक "सुपारी फुटली का?" असंच विचारतात.

मुळात त्या खऱ्याखुऱ्या लग्नांच्या स्थळमावशी. राइट टाउनपासून खमरियाच्या क्वार्टरांपर्यंत एकही मराठी घर असं नसेल, जिथं त्यांनी निदान एक लग्न जुळवायची खटपट केली नाही. मावशींचे यजमान खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडून मावशी आमच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला आल्या. मुलगा मिलिंद तेव्हा शाळेत होता. पुढे लोकांना फोनवर स्थळं मिळू लागली, मुलं आपापली लग्नं जमवू लागली आणि मावशी रिकाम्या झाल्या. आईबापांना मात्र नवीन काळजी लागली होती, याला पाठवायचं कुठं? चौकात रंगीबेरंगी झेंडे लावून एक सल्ला देणारं ऑफिस उघडलं होतं, पण तिथं कुणीही गेलं तरी त्याला कॅनडाच निघायचा. "एकाच पोरीचा फोटो साऱ्यांना दाखवून राहिला तो," असं म्हणून मावशींनी पदर खोचला आणि त्या कामाला लागल्या.

त्याच चौकातल्या क्लासमध्ये मी परीक्षेचं इंग्रजी शिकवते. तेव्हा मुलांची रीतच पडून गेली होती, इंग्रजी माझ्याकडे पक्कं करायचं आणि देश मावशींकडे.

मावशींची पद्धत साधी होती. रविवारी सकाळी मुलाला एकट्याला बोलवायच्या. सोबत आईबाप आले तर त्यांना बाहेर ओट्यावर बसवायच्या. आत मुलापुढे पोह्यांची बशी, बाजूला खव्याची जिलबी, आणि समोरच्या खुर्चीवर मावशी. बशी एकच. त्या स्वतः खात नसत, बोलत नसत, मुलाला मोबाइलला हात लावू देत नसत. नुसत्या बघत बसत. "परदेशात पहिलं काय करावं लागते?" त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. "एकट्यानं जेवावं लागते. इंग्रजी येऊन जाते गं. हे येत नाही." ती बशी ज्याला एकट्याला संपवता आली तो पास. पुढचा देश खाण्याच्या तऱ्हेवर ठरायचा.

पुराणिकांच्या मंदारनं पहिला घास घेण्याआधी बशी कुठं धुवायची ते विचारलं; त्याला नेदरलँड्स मिळालं. एकानं चव घ्यायच्या आधीच "व्हेरी नाइस" म्हटलं. त्याला मावशींनी जागच्या जागी इंग्लंड दिलं. एक मुलगा दुसरी जिलबी घेऊ का हे आईला विचारायला ओट्यावर जाऊन आला. "दुबई," मावशी म्हणाल्या. "दर सुट्टीत घरी येऊन जाईल बिचारा." तो खरंच दुबईला आहे, आणि दर सुट्टीत घरी येतो.

माझीही परीक्षा झाली होती. कॉलेजातल्या मैत्रिणी एकेक करून निघाल्या, तेव्हा मलाही पाय फुटले. मी दोन घास खाल्ले, समोर मावशी मूर्तीसारख्या बसलेल्या, आणि मला राहवेना. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही पण घ्या ना थोडे." त्यांनी माझ्यापुढची बशी उचलली. "चलो, झालं. तुझं स्थळ जबलपूर."

मी चिडले. म्हटलं, माझे मार्क तर बघा. "मार्क राहू दे," त्या म्हणाल्या. "सदर बाजारात जाताना ऑटोत बसली की उतरेपर्यंत तुला त्या ऑटोवाल्याच्या पोरीचं लग्न कुठं ठरलं ते माहीत असते. तिकडे कोणाशी बोलशील, मीटरशी?" माझ्यासाठी त्यांनी लग्नाचं स्थळही शोधलं होतं आणि स्वतःच मोडलंही होतं. थोडक्यात, मला त्यांनी ना नवरा मिळवून दिला ना देश. तरी माझा राग टिकला नाही, कारण उचलून नेलेली ती बशी त्या परत घेऊन आल्या तेव्हा तिच्यात दोन चमचे होते.

त्यांचे सगळे अंदाज बरोबर यायचे असं मुळीच नाही. घाट्यांची मुलगी तोंडातून शब्द काढत नाही म्हणून मावशींनी तिला जपान सुचवलं. ती वर्षाच्या आत परत आली, आणि आल्यावर जी बोलायला लागली ती थांबेचना. लोकांची कुजबुज सुरू झाली. ते दिवस गणपतीचे होते. मावशी तिला हाताला धरून थेट मंडळाच्या आरतीला घेऊन आल्या आणि प्रसाद वाटण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "स्थळ मी चुकली. पोरगी नाही चुकली. परत आली म्हणजे टाकलेली होत नाही. कोणी वाकडं बोललं तर त्याच्या पोराचं मी पाहणार नाही." हा धाक पुरेसा होता. दुसऱ्या दिवशीच्या आरतीला लोक त्या मुलीला जपानच्या गोष्टी विचारत होते.

अशा या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र एक स्थळ वर्षानुवर्षं रखडलं होतं, आणि ते सगळ्या मराठी जबलपूरला माहीत होतं. ते स्थळ म्हणजे मिलिंद. रिछाईतल्या एका छोट्या कारखान्यात तो मशीनवर लोखंडाचे सुटे भाग घडवायचा. हाताशी डिप्लोमा होता, कामात सफाई होती, आणि बाहेर जायची ओढ तर लहानपणापासूनची. पण मावशींना त्याच्यासाठी एकही देश पसंत पडत नव्हता. कॅनडा? त्याला सर्दी होते. ऑस्ट्रेलिया? एवढ्या लांब दिलेलं लेकरू पुन्हा दिसत नाही. सिंगापूर? जवळ आहे, पण घर इवलंसं, जीव घुसमटेल. न्यूझीलंडचं नाव काढल्यावर तर त्या उखडल्याच. "नकाशात पाहायला चष्मा लागते, असल्या घरी कोण देते?" लोक हसायचे, मिलिंदही हसायचा. एकुलत्या एका मुलीच्या बापाला येईल त्या मुलाच्या नाकात खोट दिसते, त्यातलाच हा प्रकार होता. आणि लग्नं जुळवण्यात जन्म गेलेल्या बाईला तो कळत नव्हता असं कसं म्हणावं?

मिलिंदची पोह्यांची परीक्षा त्यांनी कधी घेतलीच नाही. तो खायला बसला की त्या आपली बशी घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसत.

आमच्या क्लासच्या मागच्या खोलीत एक सर जर्मन शिकवतात. एका संध्याकाळी त्या खोलीतून मिलिंद बाहेर आला आणि मला बघून दारातच थबकला. "दीदी, आईला नको सांगू," तो म्हणाला. त्याला मराठी सगळं समजायचं, बोलायला लागला की निम्म्यात हिंदी यायची. "तिकडची एक फॅक्टरी आहे, छोटीशी. त्यांना मेरा काम पसंद है. बस, भाषेची परीक्षा निकल जाए, मग मीच सांगतो." घर एकाच दिशेला असल्यामुळे तो माझ्याच स्कूटरवर मागे बसून यायचा आणि वाटेत क्रियापदं घोकायचा.

पण लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या घरात गुपित किती दिवस टिकणार? मावशींना लक्षणं दिसू लागली. मुलगा आरशापुढे पुटपुटतो. कानाला फोन लावून एकटाच हसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेळेवर घरी येतो. "सातला येतो म्हणाला आणि सातला आला!" त्या मला ओट्यावरून सांगत होत्या. "जबलपूरचा माणूस सातला आला म्हणजे समज, कोणीतरी बाई आहे त्याच्यामागे." मी घड्याळाकडे बघत घरात पळाले.

पुढच्या रविवारी सकाळी मावशी आमच्या दारात हजर. ठेवणीतली साडी, हातात नारळ, पिशवीत जिलबीचा पुडा. आईशी हवापाण्याचं बोलून झालं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काहून लपवून राहिली?"

"काय लपवलं मी?"

"रोज तुझ्या स्कूटरवर मागे बसून येते तो. मला दिसत नाही का?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. "मावशी, मला दीदी म्हणतो तो!"

"पहिले सारे दीदीच म्हणतात."

"अहो, मी मोठी आहे त्याच्यापेक्षा."

"ते माझ्याकडे लागलं. पत्रिकेत तेवढं इकडचं तिकडे होऊन जाते."

माझ्या लग्नाची आशा आईनं केव्हाच सोडली होती. पण एवढं ऐकून ती हळदीकुंकवाचा करंडा शोधायला आत गेलीसुद्धा. आता खरं बोलल्याशिवाय सुटका नव्हती. मी म्हटलं, "मावशी, ती मी नाही."

"मग कोण आहे?"

"जर्मनी."

मावशींनी मांडीवरचा नारळ टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला. "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणून त्या नारळ घेऊन निघून गेल्या. जिलबीचा पुडा आमच्याकडेच राहिला. मावशी खव्याची जिलबी विसरल्या, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. आई करंडा हातात धरून दारात उभी होती.

त्यानंतर शेजारच्या दोन खोल्यांत अबोला नांदू लागला. "दीदी, आई काही बोलतच नाही," मिलिंद मला म्हणाला. "जेवायला वाढते, और चुप. मी कॅन्सल करून देतो ना सगळं." ते ऐकून मला राहवलं नाही. मी तडक मावशींकडे गेले. त्या ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, अहो, जगभर पोरं पाठवलीत तुम्ही."

"लोकांची होती नं ती," त्या म्हणाल्या.

मग तांदळातून एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला. "मी काही वेडी नाही गं. एकाही देशात खोट नव्हती. मलाच माहीत होतं. तो गेला की मी जेवायला कोणाला वाढू, सांग." त्या क्षणी मला त्यांची फार माया आली, आणि ती कशी दाखवावी ते न कळून मी त्यांच्या ताटातले खडे वेचू लागले. थोड्या वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि आवाज नेहमीसारखा करून म्हणाल्या, "ठीक आहे. पण न पाहता नाही देणार मी पोरगा."

तेव्हा रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठरला. मिलिंदला बोलावणारा तो कारखाना एका वयस्क बाईंचा होता. नोकरीवर येणाऱ्या मुलाच्या आईला आपल्याला बघायचं आहे, हा निरोप मिळाल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते देव जाणे, पण त्यांनी वेळ दिला. मावशींनी विणलेला रुमाल घालून टीपॉय सजवलं, त्यावर मिलिंदचा लॅपटॉप ठेवला आणि लॅपटॉपपुढे पोह्यांची बशी मांडली. "आई, ते खाऊ नाही शकत," मिलिंद कळवळून म्हणाला. "पाहुण्यापुढे ठेवावंच लागते," मावशी म्हणाल्या. मधली दुभाषी मी. मालकीणबाई इंग्रजीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार.

"घरात मोठं माणूस कोण?" हा पहिला प्रश्न.

"वडील गेल्यापासून मीच," मालकीणबाई म्हणाल्या.

"चिडता का?"

"कुणी उशिरा आलं तर."

मावशींनी मिलिंदकडे तिरका कटाक्ष टाकला. "हा येते वेळेवर. हल्लीच सुरू झालं." मग रविवारची चौकशी झाली. रविवारी कारखाना बंद, दुकानं बंद, आणि शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करायचा नाही, असं उत्तर आलं. "मग माणसं करतात काय?" फिरायला जातात. "कुठं?" कुठं असं नाही, नुसतंच चालतात. मी नीट सांगते आहे ना, अशा संशयानं मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

शेवटी त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "हा आजारी पडला तर?"

मालकीणबाईंनी सांगितलं की सकाळी फोन करून कळवायचं आणि मग डॉक्टरचं पत्र आणायचं.

"ते झालं कागदाचं. याला पाहील कोण?"

मी तो प्रश्न होता तसा विचारला. मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "माझं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीतच आहे," त्या म्हणाल्या. "आणि मला सूप चांगलं करता येतं."

"काय येते म्हणते?" मावशींनी विचारलं.

"सार करून देईन म्हणतात."

"घरी जाऊन देईल?"

मी विचारलं. मालकीणबाईंनी मान हलवली. त्याला भाषांतर लागलं नाही. मावशींनी बशी उचलून मिलिंदच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "होकार कळवून दे."

मिलिंदची भाषेची परीक्षा निघाली, पण तो एकटा गेला नाही. नवी नवरी सासरी निघाली की सोबतीला माहेरची पाठराखीण जाते, तशा मावशी त्याच्याबरोबर निघाल्या. मुलगा म्हणाला, कायमचीच चल. मावशी म्हणाल्या, "पाठराखीण चार दिवसांची. जास्त राहिली तर तिला एक तर मोलकरीण करतात नाहीतर दुसरी सासू." व्हिसाच्या कचेरीत त्या लाडू घेऊन गेल्या होत्या. तिथं लाडू कुणी घेतले नाहीत आणि प्रश्नही फारसे विचारले नाहीत, नुसते बोटांचे ठसे घेतले, याचा त्यांना फार अपमान वाटला. "माणसाकडे पाहतच नाहीत, बोटंच पाहून राहिले," असं त्या परत येऊन सगळ्यांना सांगत होत्या. निघायच्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी मिलिंदची ओटी भरली. त्यानं जॅकेटचा ओचा करून त्यात नारळ, तांदूळ झेलले आणि वाकून सगळ्यांच्या पाया पडला. हसता हसता आमच्यातल्या बऱ्याच जणी रडल्या.

ठरल्या तारखेला मावशी परत आल्या. डुमना विमानतळावर त्यांना आणायला मीच गेले होते. वाटेत बोलणं थांबत नव्हतं. "सासू कडक आहे, पण खरी आहे. मी ठणठणीत असतानाही सार घेऊन आली. मीठ कमी होतं, मी काही बोलली नाही." मग रविवारी लोक खरंच कुठंही न जाता चालतात, हे सांगून झालं. मी विचारलं, "आणि मिलिंद?"

मावशी खिडकीबाहेर बघू लागल्या. "शेवटच्या रविवारी त्याला पोहे करून दिले," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी बशी नाही घेतली. समोर बसली. बोलली नाही."

"मग?"

"संपवले त्यानं. वर पाहिलं नाही एकदाही. मग बशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली." त्यांनी नाक ओढलं. "पास झाला गं. पहिल्या नंबरानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर पोह्यांची एक बशी, शेजारी जिलबी. मला वाटलं माझ्यासाठी, म्हणून मी बसायला गेले, तर मावशींनी मला समोरच्या खुर्चीकडे ढकललं. "तिकडे बस. आज माझी परीक्षा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. पाहायचं फक्त."

मी बसले. मावशींनी पहिला घास घेतला. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, आत मिलिंदची खाट आवरून ठेवलेली दिसत होती. त्यांनी दुसरा घास घेतला, तो बराच वेळ तोंडात घोळवला. चमचा बशीत टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू पण घे नं थोडे."

मी उठले आणि त्यांच्यापुढची बशी उचलली. "चलो मावशी, झालं. तुमचं स्थळ जबलपूर."

आणि आत जाऊन आणखी एक चमचा घेऊन आले.